पुस्तक अंगणात यायला हवं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



मुलांसाठी पुस्तकं लिहिणं, त्यातली कला आणि त्यातला व्यवसाय, असा विषय मला दिला आहे. कलेबद्दल चार शब्द सांगता येतील. 'व्यवसाय' या शब्दाशी मात्र मी जरा थबकलो. मी अमरावतीजवळच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. कापसाचा हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि उन्हाळा लागला की ओसरतो. उरलेल्या महिन्यांत कविता आणि मुलांच्या गोष्टी. तेव्हा घर कशावर चालतं, हे वेगळं सांगायला नको.

मुलांसाठी लिहिणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ओळख झाली, चहा आला, की समोरचा विचारतो, "असं का! मग मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" म्हणजे मुलांचं लेखन ही जणू पहिली इयत्ता. पास झालात की वरच्या वर्गात जायचं. बंगालमध्ये हा प्रश्न कुणी विचारत असेल असं मला वाटत नाही. तिथे उपेंद्रकिशोर रायांनी १९१३ मध्ये मुलांसाठी 'संदेश' मासिक काढलं. त्यांच्यामागे ते मुलगा सुकुमार राय यांनी चालवलं. पुढे ते बंद पडलं, तेव्हा नातू सत्यजित राय यांनी १९६१ मध्ये पुन्हा सुरू केलं. जगभर गाजलेला तो दिग्दर्शक मुलांच्या मासिकासाठी गोष्टी लिहायचा आणि चित्रंही काढायचा. उर्दूकडे पाहा. पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकीर हुसेन यांनी मुलांसाठी 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट लिहिली. एवढ्या विद्वान माणसाला बकरीची गोष्ट लिहिण्यात कमीपणा वाटला नाही.

मराठीतही ही परंपरा लहान नाही. मुलांसाठी मराठीत छापलेलं पहिलं पुस्तक म्हणून 'बालबोध मुक्तावली'चं नाव घेतलं जातं. ते १८०६ मध्ये निघालं, आणि तेही पुण्यात किंवा मुंबईत नव्हे, तर तंजावरला, सरफोजीराजांच्या पदरी. त्यात इसापाच्या गोष्टी होत्या. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' आणि 'बाळमित्र' ही पुस्तकं आली. म्हणजे आपलं बालसाहित्य भाषांतरातून जन्मलं आणि त्याच्या शेपटीला पहिल्यापासून 'तात्पर्य' बांधलेलं होतं. गोष्ट संपली की बोध. कोल्हा, द्राक्षं, आणि खाली एक ओळ की मुलांनो, असं वागू नये.

या तात्पर्यातून सुटायला आपल्याला बराच काळ लागला. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' मासिक काढलं. त्या नावातच मुलांच्या वाचनाचा हेतू बदलल्याचं कळतं. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये 'श्यामची आई' लिहिली. त्यात बोध भरपूर आहे, पण तो एका खऱ्या आईच्या हातातून येतो, म्हणून मुलं तो घेतात. भा. रा. भागवतांनी १९५१ मध्ये 'बालमित्र' मासिक सुरू केलं आणि पुढे फुरसुंगीचा बनेश फेणे उभा केला. विंदा करंदीकरांनी 'राणीची बाग' लिहून मुलांच्या कवितेला मनसोक्त हसायला शिकवलं. १९७१ मध्ये बालभारतीचं 'किशोर' आलं आणि खेड्यातल्या शाळेपर्यंत स्वस्तात पोचलं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत 'किशोर'चा अंक यायचा. तो वर्गात इतक्या हातांतून फिरायचा की शेवटच्या मुलाला कव्हर मिळत नसे.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचं वाटतं ते नाव रूढ अर्थाने लेखकाचं नाही. ते आहे ताराबाई मोडक यांचं. त्या मुंबईच्या, पण लग्नानंतर काही वर्षं त्या आपल्या अमरावतीत राहिल्या. पुढे गुजरातमध्ये गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथे वारल्यांची मुलं शाळेत येईनात. मग ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी काय केलं? शाळाच उचलून पाड्यावर नेली, मुलाच्या अंगणात. त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द आला, जो आज साऱ्या देशाला माहीत आहे. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. महागडी साधनं परवडत नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं मोजायला घेतली.

श्रोतेहो, मुलांसाठी लिहिण्याचा सगळा धडा मला यात दिसतो. मूल पुस्तकाकडे येत नसेल, तर पुस्तकानं मुलाच्या अंगणात जायला हवं. आज मला तुमच्यापुढे मांडायचं आहे ते एवढंच. आता अंगणात जायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते सांगतो.

पहिली गोष्ट भाषेची. माझ्या घरात दादीची उर्दू, गल्लीत वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकातली मराठी. एका दिवसात तीन भाषांतून जायचं यात आम्हाला विशेष काही वाटत नसे. पण वऱ्हाडातलं पोट्टं शाळेला 'शाया' म्हणतं आणि डोळ्याला 'डोया'. ते 'करतो आहे' म्हणत नाही, 'करून राहिलो' म्हणतं. हेच त्यानं वहीत लिहिलं की लाल रेघ. हळूहळू त्याच्या मनात बसतं की आपली आई चुकीचं बोलते. मुलाला भाषेपासून तोडायला याहून जास्त काही करावं लागत नाही.

माझ्या एका गोष्टीत साजीद नावाच्या पोराची बकरी हरवते. बाजारच्या दिवशी तो सगळं गाव पालथं घालतो. आमच्याकडे हरवलेली बकरी 'भेटते'. माणसं भेटतात, तशी बकरीही भेटते, पाच रुपयांचं नाणंही भेटतं. हस्तलिखित परत आलं तेव्हा संपादकांनी सगळीकडे 'भेटली' खोडून 'सापडली' केलं होतं. व्याकरणाला धरून ते बरोबरच असेल. मी त्यांना एवढंच कळवलं, की निवेदनात तुम्ही म्हणाल तसं ठेवू, पण साजीद बोलेल तेव्हा बकरी भेटलीच पाहिजे. कारण साजीदला ती नुसती सापडत नाही. दिवसभर रडून झाल्यावर जी समोर येते, ती भेटतेच. आजही मी हाच नियम पाळतो. सांगणाऱ्याची भाषा सर्वांना कळेल अशी प्रमाण मराठी, आणि बोलणाऱ्याच्या तोंडी त्याची स्वतःची. परभणीच्या किंवा पनवेलच्या मुलाला एखादा शब्द अडला, तर तो विचारील. विचारणं हाही वाचनाचाच भाग आहे.

हे अवघड जाईल, इतरांना कळणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी अकोल्याच्या विठ्ठल वाघ यांची आठवण देतो. त्यांची तिफनीची कविता १९८१ च्या 'अरे संसार संसार' या चित्रपटात गेली आणि अख्ख्या महाराष्ट्रानं ती गुणगुणली. मुंबईत किती जणांनी तिफन डोळ्यांनी पाहिली असेल? तरी गाणं अडलं नाही.

आपल्याच जिल्ह्यात याहून कठीण प्रश्न आहे. मेळघाटात, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, कोरकू मुलं आहेत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळीची नातलग. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. ज्या घरात कोरकू बोलतात, तिथल्या मुलाला पहिलीत मराठी जवळजवळ नवीच असते. त्याच्या हाती दाट मजकुराचं पुस्तक देऊन काय उपयोग? तिथे चित्रं बोलली पाहिजेत. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतः चित्रं काढतात. त्यांची पुस्तकं उघडून पाहा. घरातली भांडीकुंडी, दारातल्या चपला, खिडकीतलं मांजर, सगळं चित्रात असतं आणि त्यावर मूल आपल्या भाषेत बोलू लागतं. चित्रकार हा पुस्तकाचा अर्धा लेखक असतो. आपल्याकडे कव्हरवर त्याचं नाव शोधावं लागतं, ही लाजेची गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट घराची. साजीदच्या त्याच गोष्टीबद्दल आणखी एका प्रकाशकांनी मला फार सौजन्यानं सुचवलं होतं, "गोष्ट छान आहे. मुलाचं नाव तेवढं बदलता येईल का? आणि ते ईदचं पान? सर्व मुलांना आपलंसं वाटायला हवं ना." मी विचारलं, "सर्व मुलांमध्ये साजीद येतो की नाही?" ते हसले आणि म्हणाले, "तसं नाही हो." गोष्ट तिथे छापली गेली नाही. ती दुसरीकडे छापून यायला चार वर्षं लागली.

मला त्यांच्याबद्दल राग नाही. वाईट हेतू नव्हता, सवय होती. पण त्या सवयीचा परिणाम काय होतो ते पाहा. आम्ही पालगड नकाशावरसुद्धा पाहिलं नव्हतं, तरी श्यामच्या आईसाठी रडलो. फुरसुंगी कुठे आहे हे माहीत नव्हतं, तरी फाफेबरोबर धावलो. दिवाळीचा किल्ला, गणपतीची आरास, नागपंचमीचे झोके, हे सगळं पुस्तकातून आमच्या घरात आलं आणि आपलं झालं. माझ्या बहिणी भुलाबाईची गाणी म्हणायला शेजारी जायच्या आणि डब्यातली खिरापत हलवून ओळखायच्या. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वऱ्हाडातल्या मुसलमान पोराला जर पालगड परकं वाटत नाही, तर पालगडच्या पोराला साजीदचं घर परकं वाटेल, असं आपण आधीच का ठरवायचं? प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधला हमीद आजीसाठी जत्रेतून चिमटा आणतो. हिंदी पट्ट्यातल्या किती पिढ्यांनी ती गोष्ट शाळेत वाचली! तो हमीद त्यांना कधी दुसऱ्याचा वाटला का?

शेवटी ते पुस्तक छापून आलं आणि मी दर्यापूर रस्त्यावरच्या एका शाळेत ते वाचायला गेलो. चौथीचा वर्ग. ईदचं पान आलं तेव्हा मुलांनी तीन प्रश्न विचारले. शिरखुर्म्यात खारीक टाकतात का? ईदी किती भेटते? आणि तिसरा, जो खरा होता, "ते सारं राहू द्या जी, बकरी भेटली का नाई?" ज्या पानाची प्रकाशकांना धास्ती होती, ते पान मुलांनी खारकेवर निभावून नेलं. वाचन संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी पुढे आली. तिनं पुस्तक हातात घेतलं, 'अम्मी' या शब्दावर बोट ठेवलं आणि मैत्रिणीला म्हणाली, "पाय, छापेल हाय." बस, एवढंच. तिनं आपल्या घरातला शब्द छापलेला पहिल्यांदाच पाहिला होता.

इथे एक आनंदाची बातमी सांगतो. साहित्य अकादमीनं २०१० पासून बालसाहित्यासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. मराठीत २०१९ चा पुरस्कार सलीम सरदार मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध' या पुस्तकाला मिळाला. मुल्ला कोल्हापूरकडचे, वनखात्यात नोकरी करणारे. जे जंगल ते पायांनी तुडवतात, तेच त्यांच्या पुस्तकात आहे. एक मुसलमान मराठीत लिहितो याचं कौतुक करून थांबू नका. आपल्या कामातलं रोजचं जग त्यानं मुलांसाठी उघडलं, हे जास्त महत्त्वाचं. पोस्टमन, नर्स, एसटीचे कंडक्टर, जिनिंगचे मजूर, यांच्याकडे अशी किती पुस्तकं पडून असतील!

आता थोडं कारागिरीबद्दल. मुलांसाठी लिहिलेलं आधी तोंडानं वाचायचं, हा माझा पहिला नियम. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडायचं. मग मुलांना वाचून दाखवायचं. मोठी माणसं कंटाळली तरी मान हलवतात. मूल कंटाळलं की शेजारच्याला चिमटा काढतं. चिमटा निघाला त्या ओळीखाली मी पेन्सिलीनं खूण करतो. घरी येऊन पाहतो, तर तिथे हमखास निसर्गवर्णन असतं, नाहीतर उपदेश.

दुसरा नियम गाडगेबाबांकडून घेतला. ते आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून येई. सांगितलेलं विसरतं, स्वतः उच्चारलेलं राहतं. गोष्टीतही तसंच. बकरी कुठे असेल याचा अंदाज साजीदच्या आधी वाचणाऱ्या पोराला आला पाहिजे. मग ते ओरडतं, "अरे, जिनिंगमंधी पाय, सरकीच्या ढिगामांगं!" ते ओरडलं की गोष्ट त्याची झाली.

तिसरा नियम, वस्तूचं खरं नाव लिहावं. 'शेतीचं अवजार' असं लिहू नये, डवरा लिहावं. 'गाडी' म्हणण्यापेक्षा बंडी म्हणावं. गुरांपुढे 'चारा' टाकण्यापेक्षा कुटार टाकावं. खऱ्या नावाला वास असतो. आणि चौथा, मुलांना दुःखापासून फार लपवू नये. वऱ्हाडात नापिकीचं वर्ष काय असतं, घरातलं बोलणं एकाएकी का थांबतं, कर्ज म्हणजे काय, हे इथल्या पोराला आपल्याआधी कळलेलं असतं. पुस्तकानं तेवढंच टाळलं, तर ते पुस्तकावर विश्वास ठेवत नाही. मात्र गोष्ट संपताना त्याच्या हाताला धरायला काहीतरी असावं. बकरी मरू नये, असं मी म्हणत नाही. पण मेली, तर त्या रात्री साजीदजवळ कुणीतरी बसलेलं असावं.

राहिला व्यवसाय. माझा हात हिशेबाचा आहे, म्हणून हिशेबच मांडतो. छापखान्यात पुस्तक फॉर्मवर चालतं. सोळा पानांचा एक फॉर्म. म्हणून मुलांची पुस्तकं सोळा किंवा बत्तीस पानांची असतात. एक पान वाढलं तरी कागदाचं गणित बिघडतं. चित्रं चार रंगांत हवीत, म्हणजे खर्च वाढला. किंमत मात्र वाढवता येत नाही, कारण मुलाच्या पुस्तकाला चाळीस रुपये म्हटलं तरी बाप घासाघीस करतो, आणि बाहेर पडून तेवढ्याचे कुरकुरे आणि चॉकलेटं घेऊन देतो. चाळीस रुपयांवर लेखकाला दहा टक्के धरा, म्हणजे चार रुपये. हजार प्रती खपल्या तर चार हजार, आणि हजार प्रती खपायला दोन-तीन वर्षं. तेही पैसे रोखच येतील असं नाही. मला एकदा मानधनापोटी माझ्याच पुस्तकाच्या साठ प्रती आल्या होत्या. घरी अम्मी म्हणाली, "शिधा मिळाला वाटतं."

पोट यावर भरत नाही. सरकारी खरेदीत पुस्तक लागलं, पाठ्यपुस्तकात धडा गेला, एखादा पुरस्कार मिळाला, तर थोडा हातभार लागतो. म्हणून नव्यानं लिहू पाहणाऱ्यांना मी सांगतो, नोकरी सोडू नका. शाळेतली असेल तर फारच उत्तम, रोज वाचक समोर बसतात. आपलं लेखन आधी 'किशोर'सारख्या मासिकाला पाठवा. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत, ते वाचा. मराठीतल्या किती मोठ्या लेखकांनी मुलांसाठी जीव ओतून लिहिलंय, ते त्यात दिसेल. मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. तीन वर्षांत आम्हाला बालसाहित्याचं एकही पुस्तक लावलं नव्हतं. ते शिक्षण मला 'किशोर'च्या जुन्या गठ्ठ्यांनी दिलं.

आणि लिहीत नाहीत त्यांच्याकडे एक मागणी आहे. तुमच्या घरात आजी असेल, नानी असेल, तिला लहानपणी ऐकलेली एक गोष्ट विचारा. ती बोलेल त्याच शब्दांत वहीत उतरवा, सुधारू नका. ती वहीच घरातल्या लेकराला रात्री पंधरा मिनिटं वाचून दाखवा. ज्या शब्दाचा अर्थ ते विचारील, त्याच्याखाली रेघ ओढा. अशा वह्या गावोगाव तयार झाल्या, तर पुढच्या पिढीतल्या लेखकाला वऱ्हाडची लहान मुलं कशी बोलत होती, हे शोधत फिरावं लागणार नाही.